ठोशाला होकार होता

मायकेल वॉटसनची तक्रार ठोशाबद्दल कधीच नव्हती. २१ सप्टेंबर १९९१ च्या रात्री लंडनच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर ख्रिस युबँकशी त्याची जागतिक किताबाची लढत होती. अकराव्या फेरीत वॉटसननं युबँकला लोळवलं. युबँक उठला आणि लगेचच त्यानं हनुवटीखालून असा ठोसा हाणला की वॉटसन मागच्या मागे दोरांवर जाऊन आदळला. बाराव्या फेरीला तो उभा राहिला खरा, पण अर्ध्या मिनिटाच्या आत पंचांनी लढत थांबवली. तो न्यायालयात गेला ते यानंतर जे घडलं त्याबद्दल. रिंगमध्ये गोंधळ माजला. डॉक्टर नेमलेले होते, पण त्यांच्यापैकी एक जण त्याच्यापर्यंत पोचायला सात मिनिटं गेली. मेंदूत रक्तस्राव होत असलेल्या माणसाच्या घशात नळी घालून जागेवरच त्याला प्राणवायू द्यायची तयारी तिथे नव्हती. ज्या रुग्णालयात त्याला आधी नेलं तिथे पोचेपर्यंत जवळजवळ अर्धा तास उलटला होता, आणि तिथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभागच नव्हता. मग तिथून दुसरीकडे. ४० दिवस तो बेशुद्ध होता. डोक्यावर ६ शस्त्रक्रिया झाल्या.

दावा त्यानं लावला तो ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोलवर. बोर्डाचं म्हणणं वरवर पाहता बिनतोड होतं. लढत आम्ही भरवली नाही, तिकिटं आम्ही विकली नाहीत, आम्ही फक्त नियम करतो; आणि ठोसे खाण्याच्या धंद्यात हा गृहस्थ आपल्या पायांनी आला. १९ डिसेंबर २००० रोजी अपील न्यायालयानं हे म्हणणं फेटाळलं. बोर्डाच्या परवान्याशिवाय तिथे कुणालाही व्यावसायिक मुष्टियुद्ध खेळता येत नव्हतं. डॉक्टर किती, कुठे, कसे, हे बोर्ड ठरवत होतं. मुष्टियोद्धे त्या नियमांवर विसंबून रिंगमध्ये उतरत होते. तेव्हा रिंगच्या कडेला उपचाराची व्यवस्था काय असावी याची काळजी घेण्याचं कर्तव्यही बोर्डाचंच, आणि ते पार पडलेलं नाही, असा निकाल झाला. पहिली इजा ठोशाची, ती त्यानं पत्करलेली. त्यानंतरच्या अर्ध्या तासात मेंदूचं जे आणखी नुकसान झालं, ते त्यानं पत्करलेलं नव्हतं.

हा निकाल मी वाचला तो खेळाच्या आवडीपोटी नव्हे. सांगलीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात माझी बहुतेक कामं असतात, आणि एका दाव्यात विमा कंपनीनं असा बचाव घेतला होता की जखमीची अवस्था अपघातानं झाली ती थोडी, उपचाराला उशीर झाल्यानं झाली ती जास्त. पहिली इजा आणि नंतरची इजा वेगवेगळी कशी मोजायची, यासाठी मी आधार शोधत होते. त्या कामात वॉटसनचा फारसा उपयोग झाला नाही. पण निकाल डोक्यात राहिला, आणि त्यामागोमाग मी अमेरिकेतल्या फुटबॉलपटूंचे, इंग्लंडमधल्या रग्बीवाल्यांचे दावे वाचत गेले. आमच्या धंद्यात एकदा डोक्याच्या मारामध्ये रस वाटू लागला की तो सुटत नाही, कारण पुरावा म्हणून डोक्याच्या माराइतकी बेभरवशाची गोष्ट दुसरी नाही.

पाय तुटलेला माणूस न्यायाधिकरणासमोर उभा राहिला की अर्धी केस तिथेच झालेली असते. मेंदूला हादरा बसलेल्याचं तसं नसतं. माझा एक पक्षकार मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होता. दुचाकीवरून पडला, काही मिनिटं शुद्ध गेली, स्कॅनमध्ये विशेष काही निघालं नाही, आठवड्याच्या आत घरी आला. त्याची बायको साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती. सरतपासात तिनं सांगितलं, ‘‘पूर्वी ह्यांना सगळ्या लॉटांचे भाव तोंडपाठ असायचे. आता दुधाला पाठवलं की अर्ध्या वाटेतनं परत येऊन विचारतात, किती आणायचंय? आणि पोरांवर हात उगारतात, पूर्वी कधी आवाज चढला नव्हता.’’ मग कंपनीचे वकील उठले. चांगला, सभ्य माणूस; त्यांनी त्यांचं काम केलं. उलटतपास असा नोंदला गेला: हे म्हणणे खरे आहे की माझे पती आज न्यायालयात स्वतः चालत आले. हे म्हणणे खरे आहे की ते स्वतःच्या हाताने जेवतात. हे म्हणणे खरे आहे की त्यांना घरातील माणसे ओळखू येतात. तिन्ही वाक्यं खरी होती. शेवटी बायकोनं न विचारताच सांगितलं, ‘‘ओळखतात, पण ते आमचे हे राहिले नाहीत,’’ आणि ते वाक्य टंकलेखकानं घेतलं नाही.

सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे काम थोडं सोपं केलं. दाखल्यावर अपंगत्व किती टक्के लिहिलंय याला बांधून राहू नका, त्या माणसाच्या त्या कामावर काय परिणाम झाला ते पाहा, असं सांगितलं. दिवाणजीचं बोट गेलं तर फारसं बिघडत नाही, आकडेमोड गेली तर सगळंच गेलं. तरीही त्या बायकोच्या न नोंदलेल्या वाक्याला अजून कुठलाही रकाना नाही.

माइक वेबस्टरबद्दल वाचलं तेव्हा मला ती आठवली. वेबस्टर पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर. अमेरिकन फुटबॉलमध्ये सेंटर म्हणजे दर चालीला चेंडू दोन पायांमधून मागे सोडायचा आणि त्याच क्षणी समोरच्या सव्वाशे किलोच्या गड्याला डोकं लावून भिडायचं. हे एकदोनदा नव्हे, सतरा हंगाम. चार सुपर बोल जिंकणारा हा माणूस निवृत्तीनंतर वाटा विसरू लागला, पैसे कुठे गेले ते त्याला सांगता येईना, कित्येक रात्री तो आपल्या पिकअप गाडीत झोपला. फुटबॉल लीगच्या निवृत्तिवेतन मंडळाकडे त्यानं अपंगत्वाचा अर्ज केला. १९९९ मध्ये मंडळानं मान्य केलं की खेळताना झालेल्या डोक्याच्या दुखापतींमुळे हा माणूस पूर्णपणे आणि कायमचा अपंग झाला आहे. वाद उरला तो एवढाच, की अपंगत्व कोणत्या तारखेपासून धरायचं. वेबस्टर सप्टेंबर २००२ मध्ये वयाच्या ५० व्या वर्षी वारला. तारखेचा निकाल अपील न्यायालयातून त्याच्या वारसांच्या बाजूनं लागला तो २००६ मध्ये. आपल्याकडच्या दिरंगाईवर बोलताना लोक परदेशाचे दाखले देतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

त्याचं शवविच्छेदन केलं बेनेट ओमालू या नायजेरियातून आलेल्या तरुण डॉक्टरनं. बाहेरून मेंदू अगदी धडधाकट दिसत होता. ओमालूंनी तो राखून ठेवायला लावला, पातळ काप करून घेतले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना टाऊ नावाच्या प्रथिनाचे साठे दिसले. क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे सीटीई. मुष्टियोद्ध्यांना असं काही होतं हे १९२८ पासून वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलेलं होतं. फुटबॉलपटूच्या मेंदूत ते सापडल्याचा लेख २००५ मध्ये आला. लेख आल्यावर लीगच्या मेंदू-दुखापत समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. ही समिती १९९४ मध्ये नेमलेली. तिचे अध्यक्ष संधिवाताचे डॉक्टर होते. (ही माझी कोटी नाही, तेच त्यांचं विशेषज्ञत्व.) हादऱ्यांचे दूरगामी परिणाम होत असल्याचं दिसत नाही, असे निबंध ही समिती २००३ पासून प्रसिद्ध करत होती.

म्हणजे निवृत्तिवेतनाच्या टेबलावर एका माणसाचा मेंदू खेळानं गेला असं लिहून दिलेलं, आणि त्यानंतर चार वर्षांनी शास्त्राच्या टेबलावर असं काही होत नाही म्हणून छापलेलं. वकील म्हणून एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्या निवृत्तिवेतन मंडळावर निम्मी माणसं संघमालकांची आणि निम्मी खेळाडू संघटनेची होती. त्यामुळे मंडळाचा निर्णय म्हणजे लीगची कबुली, असं थेट म्हणता आलं नसतं. पण उलटतपासाला तो कागद हाती मिळणं म्हणजे वकिलासाठी सणच.

तो उलटतपास कधी झालाच नाही. २०११ पासून माजी खेळाडूंनी दावे लावायला सुरुवात केली, ते सगळे फिलाडेल्फियाला न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांच्यासमोर एकत्र आले, वादींची संख्या ४,५०० च्या वर गेली. लीगनं पहिला मुद्दा मांडला की हा सामुदायिक करारातला वाद आहे, लवादाकडे जावा, न्यायालयात नव्हे. त्या मुद्द्यावर निकाल होण्याआधी, ऑगस्ट २०१३ मध्ये तडजोड झाली: ७६.५ कोटी डॉलर. आकडा ऐकून वर्तमानपत्रांनी मथळे केले. ब्रॉडीबाईंनी मात्र हिशेब तपासला आणि जानेवारी २०१४ मध्ये तडजोड परत पाठवली, कारण सुमारे २०,००० निवृत्त खेळाडूंना ही रक्कम पुरेल की नाही याची त्यांना खात्री वाटेना. मग रकमेवरची मर्यादा काढली गेली, एप्रिल २०१५ मध्ये मंजुरी मिळाली, आणि अपिलं संपून जानेवारी २०१७ मध्ये ती लागू झाली. वाटप पुढे १०० कोटी डॉलरच्या पलीकडे गेलं. लीगनं दोष कबूल केलेला नाही.

तडजोडीला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. लोकअदालतीत मी स्वतः पक्षकारांना समजावते की आजारी माणसाला आज मिळालेले चार लाख दहा वर्षांनी मिळणाऱ्या आठ लाखांपेक्षा मोठे. त्या फुटबॉलपटूंत काही जण वर्षभर जगतील की नाही अशा अवस्थेत होते. शिवाय तडजोडीत एक फार मोठी सवलत होती. तुमचा स्मृतिभ्रंश फुटबॉलमुळेच झाला हे सिद्ध करायची गरज नव्हती. खटला चालला असता तर प्रत्येकाला हे सिद्ध करत बसावं लागलं असतं: शाळेतला मार कोणता, कॉलेजमधला कोणता, धंद्यातला कोणता, दारूचा वाटा किती, वडिलांना अल्झायमर होता का. इथे निदान झालं, वय आणि खेळलेले हंगाम मोजले, तक्त्यात रक्कम पाहिली. आमच्या न्यायाधिकरणातही वयाप्रमाणे गुणक ठरलेला असतो, त्यामुळे तो तक्ता मला परका वाटला नाही.

परकं वाटलं ते तक्त्यात काय नाही ते. सीटीईचं खात्रीचं निदान आजवर मरणानंतरच, मेंदू कापून होतं. तडजोडीनं सीटीईसाठी भरपाई दिली ती फक्त २२ एप्रिल २०१५ पूर्वी मेलेल्यांच्या घरच्यांना, जास्तीत जास्त ४० लाख डॉलर. त्यानंतर मेलेल्यांना त्या नावानं काही नाही. जिवंतपणी सुरुवातीला दिसतं ते चिडणं, खिन्नता, अंगावर धावून जाणं. हे त्या तक्त्यात बसत नाही, कारण तिथे मोजलं जातं विसरणं. सांगलीच्या त्या बाईनं जे सांगितलं होतं त्यातला दुधाचा भाग तिथे चालला असता, पोरांवर हात उगारण्याचा नसता.

आणि विसरणं तरी कसं मोजलं? चाचणीतले गुण ‘मूळच्या’ पातळीशी ताडून. काळ्या खेळाडूंची मूळची पातळी कमी धरण्याची पद्धत त्यात होती, म्हणजे तितकेच गुण मिळाले तरी गोऱ्याचा ऱ्हास दिसे आणि काळ्याचा दिसत नसे. ज्या खेळातले बहुसंख्य खेळाडू काळे, तिथे हे चाललं. नेजे डेव्हनपोर्ट आणि केव्हिन हेन्री या दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये त्यावर दाद मागितली, तेव्हा कुठे ती पद्धत बंद करून जुने अर्ज पुन्हा तपासायचं ठरलं; त्याला न्यायालयाची मंजुरी २०२२ मध्ये मिळाली.

पण माझ्या मते सगळ्यात महाग पडली ती न झालेली साक्ष. लीगला काय माहीत होतं, कधी माहीत होतं, कुणाच्या सहीनं दडलं, हे शपथेवर कुणालाही विचारलं गेलं नाही. कागदपत्रं उघडायची वेळ येण्याआधीच पैसे आले. ‘हे म्हणणे खरे आहे की’ या पाच शब्दांनी सुरू होणारं एकही वाक्य त्या लीगविरुद्ध नोंदलं गेलं नाही. वॉटसनचा दावा रकमेनं त्यापुढे चिल्लर. बोर्डाकडे अशा जोखमीचा विमा नव्हता, मुख्यालय विकावं लागलं आणि शेवटी तडजोड झाली ती ४ लाख पौंडांवर. पण तिथे निकाल आधी झाला होता. रिंगच्या कडेला काय असायला हवं होतं आणि ते का नव्हतं, हे न्यायाधीशांनी परिच्छेदा-परिच्छेदानं लिहिलेलं आहे. तो निकाल आज कुणीही उघडून वाचू शकतो, मी सांगलीत बसून वाचलाच की. १९९८ मध्ये स्पेन्सर ऑलिव्हर या मुष्टियोद्ध्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली, तेव्हा वॉटसननंतर बदललेल्या व्यवस्थेमुळे त्याला रिंगमध्येच भूलतज्ज्ञाचे उपचार मिळाले आणि तो सावरला. वॉटसननं स्वतः २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन सहा दिवसांत चालून पुरी केली. शेवटच्या टप्प्यात एका बाजूला त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारे पीटर हॅमलिन होते आणि दुसऱ्या बाजूला युबँक.

संमतीचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो, बहुधा पुरुषांकडून. खेळायला गेला तर मार बसणारच की! आपल्या १८६० च्या दंड संहितेत कलम ८७ होतं, आता न्याय संहितेत तेच कलम २५ झालं आहे. त्यातलं उदाहरण मोठं गोड आहे. दोघं जण करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायचं ठरवतात. खेळात लबाडी न होता जी इजा होईल ती सोसायला दोघांचीही संमती आहे असं धरायचं. फौजदारी कायद्याला एवढं पुरतं. पण त्यात करमणूक आहे, पोटापाण्याचा करार नाही, परवाना देणारं मंडळ नाही, प्रक्षेपणाचे हक्क विकणारी लीग नाही. दोघंही एकमेकांइतकेच जाणते किंवा अजाण आहेत. त्याच कायद्यात पुढे, पूर्वीचं कलम ९० आणि आताचं २८, असंही आहे की वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला तो गैरसमज ठाऊक असेल तर, संमती नव्हे. नुकसानभरपाईच्या दाव्यांना ही कलमं थेट लागत नाहीत. पण विचार तोच आहे. ठोशाला होकार देणारा माणूस ठोशाविषयी जेवढं त्याला सांगितलं गेलं तेवढ्यालाच होकार देतो.

याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. गुडघा निखळला तर खेळायचं की नाही हे ठरवणारा मेंदू शाबूत असतो. इथे ठरवणाराच जायबंदी. गेल्या मोसमात आमच्या तालुक्यातली बक्षिसाची कबड्डी पाहायला गेले होते. चढाईला आलेल्या पोराचा कोपऱ्यावाल्यानं घोटा धरला, दोघं अंगावर आले, आणि खाली येताना पोराचं डोकं एकाच्या गुडघ्यावर आपटलं. आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत आला. तरी हात रेघेपार गेला होता; शिट्टी झाली, तीन गुण, टाळ्या. त्याच्या डोक्यावर बाटलीभर पाणी ओतलं, कुणी हात वर धरून झटकले, ‘‘काय नाही, काय नाही, ऊठ!’’ तो उठला आणि जाऊन समोरच्या संघाच्या अंगणात उभा राहिला. प्रेक्षक हसले. पंचांनी दंडाला धरून त्याला त्याच्या बाजूला आणून सोडलं. ‘‘खेळणार का?’’ विचारलं, तर त्यानं मान हलवली. दोन मिनिटांत तो पुन्हा चढाईला गेला. त्या मान हलवण्याला कायद्यानं काय म्हणायचं? खरेदीखतावर सही करणारा म्हातारा भ्रमिष्ट होता असं दिसलं तर आम्ही ते रद्द करायला धावतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं २००९ मध्ये यावर साधा तोडगा काढला. झॅक लिस्टेट नावाचा तेरा वर्षांचा मुलगा २००६ मध्ये डोक्याला मार बसूनही शाळेच्या सामन्यात परत उतरला आणि कायमचा अधू झाला. त्याच्या नावाचा कायदा सांगतो की अशी शंका आली तरी मुलाला बाहेर काढा, आणि अधिकृत वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत घेऊ नका. पाचेक वर्षांत सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. त्यात मुलाला काय वाटतं हे विचारलेलंच नाही. मुलांच्या बाबतीत हे जमलं. मोठ्यांच्या, पगारी खेळाडूंच्या बाबतीत मान हलवण्याला अजून मान आहे, कारण त्या मानेवर पैसे लागलेले असतात. त्याचेही आणि इतरांचेही.

खेळाडूही लपवतात, हे खरंच आहे. जागा जाईल, कराराचं नूतनीकरण होणार नाही, मागे दुसरा टपून बसलाय. म्हणून सगळा दोष मंडळावर ढकलणं मला पटत नाही. आणि दुसरी भीतीही खोटी नाही. लहान संघटना एका दाव्यात बुडेल. ब्रिटिश बोर्डासारख्या संस्थेला घर विकावं लागलं तर जिल्हा संघटनेचं काय? न्यूझीलंडनं १९७४ पासून दुसरी वाट धरली आहे. तिथे अपघाती इजा कुणाच्याही चुकीनं होवो, सरकारी निधी उपचार आणि पगाराचा हिस्सा देतो. बदल्यात भरपाईचा दावा लावायचा हक्क नाही. रग्बीवेड्या देशाला हे सोयीचं आहे. आपल्याकडेही रस्ते अपघातात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख मिळतात, आणि ती रक्कम घराला किती टेकू देते हे मी पाहिलेलं आहे. पण निधी प्रश्न विचारत नाही. न्यूझीलंडचाच कार्ल हेमन हा ऑल ब्लॅक या रग्बी संघातला माजी खेळाडू, चाळिशी उलटताच स्मृतिभ्रंशाचं निदान झालेला, शेवटी रग्बीवाल्यांच्या लंडनमधल्या दाव्यात सामील झाला. त्याच दाव्यात इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन आहे. २००३ चा विश्वचषक त्यानं जिंकला, पण तो खेळल्याचं त्याला आठवत नाही. ही माणसं पैसे मागताहेत, पण त्याबरोबर रग्बीच्या कारभाऱ्यांनी कोणता अहवाल कधी वाचला होता हेही विचारताहेत. ते उत्तर कुठल्याही निधीतून मिळणार नाही.

त्या कबड्डी स्पर्धेच्या मंडळाचे लोक यंदा माझ्याकडे आले होते, प्रवेशअर्जावरचा मजकूर ‘कायदेशीर’ करून घ्यायला. जुन्या अर्जावर तळाला सगळीकडे असतं तेच होतं: खेळताना दुखापत झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत, पंचांचा निर्णय अंतिम राहील. मी सांगितलं, असं छापल्यानं जबाबदारी जात नाही. आणि दोन ओळी लिहून दिल्या. एक, मैदानाजवळ डॉक्टर आणि रुग्णवाहिका असेल. दोन, डोक्याला मार बसलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही. हा निर्णय डॉक्टरांचा, संघाचा किंवा खेळाडूचा नाही.

पहिली ओळ त्यांनी लगेच घेतली. रुग्णवाहिकेचा मालक गावातलाच आहे. दुसऱ्या ओळीवर शांतता झाली. मग सेक्रेटरी म्हणाले, ‘‘वकीलबाई, फायनलला मेन रेडर बाहेर बसवला तर आम्हाला गावात राहू देतील का?’’ आणि त्यांच्यातल्या सगळ्यात तरुण पोरानं नेमकं विचारलं, ‘‘ही ओळ छापली तर आमची जबाबदारी वाढती का कमी होती?’’

ब्रिटिश बोर्डाच्या वकिलांनाही हाच प्रश्न पडला असणार. मी खरं तेच सांगितलं. छापून पाळली नाहीत तर वाढेल. छापून पाळलीत तर कमी होईल. छापलीच नाहीत तर किती आहे ते कुणीतरी दावा लावेल तेव्हा कळेल. त्यांनी दोन्ही ओळींचा कागद घडी घालून खिशात ठेवला, बैठकीत ठेवतो म्हणाले. अर्ज अजून छापायला गेलेले नाहीत.